स्लाइडवरचा तो धुरकट भाग: विषाणू पेशीत आपलं बस्तान कुठे बसवतो?

स्लाइडवाली | मंगळवार, रात्री १०.४०

आज लॅब आवरायच्या वेळेला एक स्मिअर आला. साठीतले गृहस्थ, कपाळाच्या फक्त डाव्या बाजूला पाणी भरलेले बारीक फोड. डॉक्टरांनी एक ताजा फोड उघडून त्याचा तळ ब्लेडनं खरवडला होता आणि ते काचेवर पसरून पाठवलं होतं. आमच्याकडे याला झँक म्हणतात. जिम्सा स्टेन घातला, नळाखाली हलक्या धारेनं धुतलं, काच उभी करून वाळवली आणि ऑइल लेन्सखाली सरकवली.

एकतीस वर्षं हे काम करते आहे, तरी ती पेशी दिसली की फोकस फिरवणारा हात थांबतोच. एका पेशीत सात-आठ केंद्रकं, एकमेकांना दाबून बसलेली. विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर अंग चोरून बसतात तशी. प्रत्येक केंद्रकाचा मधला भाग घासलेल्या काचेसारखा, सपाट आणि धुरकट. निरोगी पेशीत तिथे गडद, दाणेदार माल दिसतो, म्हणजे माणसाचा स्वतःचा डीएनए. इथे तो सगळा कडेला सरकवलेला. केंद्रकाच्या भिंतीलगत नुसती एक जांभळी किनार उरलेली.

रिपोर्टवर एक ओळ जाते, डॉक्टर नागिणीचं औषध सुरू करतात, काम संपतं. पण तो मधला धुरकट भाग नक्की काय आहे, हे नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. कळलं त्या दिवशी जुन्या पेटीतल्या स्लाइड काढून पुन्हा बघत बसले होते. तो भाग म्हणजे विषाणूनं स्वतःसाठी करून घेतलेली जागा. प्रती काढायचं काम तिथे चालतं. त्यासाठीच हा धागा.

शाळेत एवढंच शिकवतात की विषाणू पेशीत घुसतो, यंत्रणा ताब्यात घेतो, स्वतःच्या प्रती काढतो. 'ताब्यात घेतो' म्हटलं की सगळी गंमत तिथेच गडप होते. केंद्रकात माणसाच्या डीएनएची सहाशे कोटींहून जास्त अक्षरं कोंबलेली असतात. नागिणीच्या विषाणूचा डीएनए फक्त सव्वा लाख अक्षरांचा. एवढ्या गर्दीत त्यानं बसायचं कुठे, सामान कुठून आणायचं, आणि पेशीच्या पहारेकऱ्यांची नजर कशी चुकवायची?

मला समजलेला प्रकार सांगते. यातले बहुतेक प्रयोग नागिणीच्या चुलत भावावर, म्हणजे ओठाच्या कडेला फोड आणणाऱ्या हर्पीस सिम्प्लेक्सवर झालेत. त्याचा डीएनए दीड लाख अक्षरांचा.

विषाणूचं बाहेरचं मऊ आवरण पेशीच्या पटलात मिसळून जातं आणि आतली टणक डबी, कॅप्सिड, पेशीद्रवात पडते. डबी साधारण १२५ नॅनोमीटरची. पेशीद्रवात इतकी दाटी असते की ती नुसती तरंगत केंद्रकापर्यंत पोचायची नाही. म्हणून ती डायनीन या मोटर-प्रथिनाला धरते आणि सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून आत येते. केंद्रकाच्या छिद्राला डबीचं तोंड टेकतं. डीएनए आत इतक्या दाबानं भरलेला असतो की तोंड उघडताच तो छिद्रातून आत फेकला जातो. रिकामी डबी बाहेरच राहते.

आत पहिली गाठ पडते ती पीएमएल नावाच्या प्रथिनाच्या गोळ्यांशी. केंद्रकात असे थोडेसे ठिपके विखुरलेले असतात. परका, उघडा डीएनए दिसला की ही मंडळी त्याच्याभोवती जमतात आणि त्याला आवळून गप्प करायला बघतात. विषाणू सुरुवातीलाच आयसीपी-० नावाचं प्रथिन बनवतो. ते पीएमएलवर 'हे मोडीत काढा' अशी खूण चिकटवतं आणि पेशीची स्वतःचीच मोडतोड यंत्रणा पीएमएल गिळून टाकते. पहारा असा उठला की त्याच ठिकाणी विषाणूचं दुकान उघडतं. आधी अगदी बारीक ठिपके, बहुधा एका ठिपक्यात एकाच विषाणूचा डीएनए. आयसीपी-८ हे प्रथिन सुट्या धाग्याला धरून ठेवतं, त्याच्या आधारानं डीएनए उकलणारी, सुरुवात करून देणारी आणि प्रत काढणारी प्रथिनं जमतात. ठिपके फुगतात, शेजारच्याला भिडतात, एक होतात. काही तासांत अख्खं केंद्रक व्यापतं आणि माणसाचा डीएनए कडेला जातो. ती जांभळी किनार!

चुकत असेन तर जाणकारांनी सांगावं. मी शास्त्रज्ञ नाही, पण रोज बघते ते समजून घ्यायचं आहे.


कळवेकर | मंगळवार, रात्री ११.२५

ताई, वाचताना काटा आला. दोन वर्षांपूर्वी आईला नागीण झाली होती, कमरेला उजवीकडे. एका दवाखान्यात आधी ॲलर्जी म्हणून मलम दिलं. गावाकडून मावशीचा फोन, की उतरवून घ्या, तोंड आणि शेपूट भिडलं की माणूस जातो. या दोन्हींत सहा दिवस गेले. फोड वाळले, पण आईला तिथे साडीची निरी आजही सोसत नाही. तुम्ही तो विषाणू केंद्रकात बसतो म्हणता, मग तो एका पट्ट्यातच का येतो? आणि वेढ्याचं खरं काय?


स्लाइडवाली | मंगळवार, रात्री ११.५०

दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. ती दुखरी जागा मज्जातंतूची आहे, त्यांच्या मनाचे खेळ नव्हेत, हे घरात सगळ्यांना सांगा.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की हाच विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या मज्जागाठींत जाऊन राहतो. तिथल्या पेशीच्या केंद्रकात त्याचा डीएनए गोल कडं होऊन, आपल्याच हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला, पडून असतो. दुकानाचं शटर खाली. प्रती काढणं बंद असतं, म्हणून औषधाला त्याला धरता येत नाही. म्हातारपणात किंवा प्रतिकारशक्ती उतरली की शटर वर जातं आणि विषाणू त्या एका तंतूतून त्वचेपर्यंत येतो. एक तंतू शरीराच्या एकाच बाजूचा एक पट्टा सांभाळतो, म्हणून फोड मध्यरेषेशी थांबतात. वेढा पूर्ण होत नाही तो यामुळे. ज्यांची प्रतिकारशक्ती फारच खालावली आहे त्यांच्यात फोड दूरवर पसरू शकतात आणि ते खरंच गंभीर असतं, पण त्याचा तोंड-शेपटीशी संबंध नाही.


कालिना_कट्टा | बुधवार, सकाळी ८.१०

मावशी, मी एमएस्सीला आहे, सूक्ष्मजीवशास्त्र. तुम्ही 'दुकान', 'जागा' म्हणालात ते छान आहे, फक्त एक गोष्ट जोडतो. हर्पीसच्या या जागेला भिंत नाही. पटल नाही, कुंपण नाही. तरीही पेशीचं आरएनए पॉलिमरेज-२, म्हणजे जनुकाची नक्कल काढून देणारं यंत्र, भराभर तिथे गोळा होतं आणि बाकीचं केंद्रक ओस पडतं. भिंत नसताना हे कसं?

मध्यंतरी एक उत्तर फार लोकप्रिय झालं होतं: पाण्यात तेलाचा थेंब वेगळा राहतो तसा हा एक वेगळा द्रव थेंब असेल. दिसायलाही तसंच, गोल ठिपके, एकमेकांत मिसळणारे. पण बर्कलीच्या एका गटानं २०१९ मध्ये पॉलिमरेजचे एकेक रेणू चमकते करून त्यांची धावपळ टिपली. थेंब असता तर आतल्या रेणूंची चाल बाहेरच्यांपेक्षा वेगळी पडली असती, हद्दीवर ते अडखळले असते. तसं काही आढळलं नाही. रेणू मोकळेपणी आत-बाहेर करत होते. फक्त आत आल्यावर पुन्हा पुन्हा विषाणूच्या डीएनएला चिकटत होते, कारण तो डीएनए जवळजवळ उघडा असतो. आपला डीएनए हिस्टोनवर गुंडाळलेला, धरायला जागा कमी. त्याचा पसरलेला, जिथे हात लावाल तिथे पकड.

दादरला वडापावच्या गाडीभोवती गर्दी असते, तिथे कुंपण कुठे असतं? येणारा दोन मिनिटं थांबतो, खातो, निघतो, तोवर दुसरा येतो. वरून फोटो काढला तर गोल घोळका दिसेल. मला हे फार आवडलं, कारण इथे विषाणूला कुणाला ओढून आणावं लागत नाही. स्वतःच्या भरपूर उघड्या प्रती काढल्या की सामान आपसूक येतं, आणि सामान आलं की आणखी प्रती निघतात.

थेंबवाल्यांचं सगळंच चूक आहे असं मात्र कुणी समजू नये. इतर विषाणूंच्या बाबतीत तो प्रकार असू शकतो. हर्पीसमध्ये पॉलिमरेज गोळा होण्याचं कारण मला तरी हेच पटतं.


माहीमचा_पॅथॉलॉजिस्ट | बुधवार, दुपारी २.३०

स्लाइडवाली बाई, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, एक दुरुस्ती सुचवतो. पाठ्यपुस्तकात केंद्रकात गुलाबी गोळा आणि भोवती पांढरी कडी असं चित्र असतं, ज्याला आम्ही काउड्री ए म्हणतो. अनेक विद्यार्थी तोच विषाणूचा कारखाना समजतात. ती उशिराची अवस्था आहे. फॉइल्गन हा डीएनए दाखवणारा स्टेन सुरुवातीच्या भरलेल्या केंद्रकात चढतो, त्या शेवटच्या गुलाबी गोळ्यात चढत नाही, कारण तोवर माल निघून गेलेला असतो. तुम्ही पाहिलेला धुरकट, भरगच्च भाग हीच कामाची वेळ.

आता दुसरी बाजू, कारण सगळे डीएनए विषाणू केंद्रकात जात नाहीत. मोलस्कम आठवा. शाळकरी मुलांच्या अंगावर मोत्यासारखे फोड येतात, मधे खळी असते. चिमट्यानं दाबला की पांढरा दाणा बाहेर येतो. तो दोन काचांत चिरडून स्टेन केला की पेशी काठोकाठ भरलेली दिसते आणि बिचारं केंद्रक कोपऱ्यात चपटं होऊन पडलेलं. इथे कारखाना केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात आहे. मोलस्कम हा देवीच्या घराण्यातला विषाणू.

या घराण्याचा कारखाना सर्वांत आधी एका इटालियन माणसानं पाहिला, ग्वार्निएरी, १८९२ साली, देवीच्या आणि गोस्तनदेवीच्या फोडांतल्या पेशींत. त्याला तो एखादा एकपेशीय परजीवी वाटला. विषाणू ही कल्पनाच तेव्हा नव्हती, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. दिसलेलं त्यानं इमानानं नोंदवून ठेवलं, हे महत्त्वाचं. पुढे अनेक दशकं देवीच्या निदानात ते गोळे शोधले जात.

केंद्रकाबाहेर राहायचं तर केंद्रकातली यंत्रं मिळत नाहीत. म्हणून हे विषाणू आपलं आरएनए पॉलिमरेज डबीत भरूनच आणतात. आत शिरल्याबरोबर, डबी पुरती उघडायच्या आधीच, पहिल्या जनुकांच्या नकला सुरू. देवीच्या लशीतला व्हॅक्सिनिया घ्या: डीएनए जवळपास एक लाख नव्वद हजार अक्षरांचा, जनुकं दोनशेच्या आसपास. प्रत काढणारं यंत्रसुद्धा स्वतःचं. एकेका विषाणूपासून एकेक कारखाना उभा राहतो. आणि एक पाहण्यासारखी गोष्ट: प्रती काढायचं काम सुरू झालं की पेशीच्या अंतर्द्रव्यजालिकेची पटलं येऊन कारखान्याला चहूबाजूंनी वेढतात. घटकाभर ते एखाद्या लहान केंद्रकासारखं दिसतं. पुढे नवे विषाणू बांधायची वेळ आली की वेढा सुटतो आणि चंद्रकोरीच्या आकाराची पटलं दिसायला लागतात. त्या कोरी वाढत वाढत गोल होतात, त्यात डीएनए भरला जातो.

मुंबईचा यात एक जुना धागा आहे. भारतात देवीची पहिली लस टोचली गेली ती इथेच, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या दंडावरच्या फोडातून घेतलेली लस पुढे इतरांना टोचत टोचत देशभर गेली. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मधला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. माझ्या वयाच्या लोकांच्या दंडावर तो गोल वण आहे. त्या वणाखाली काही दिवस असे लाखो कारखाने चालले होते, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत असे.


पवईकर | बुधवार, रात्री ९.०५

डॉक्टरसाहेब, मुंबईचा विषय निघालाच आहे तर आपल्या शहराच्या नावाचे विषाणू सांगतो. पोस्ट लांब होईल, सांभाळून घ्या.

१९९२ साली इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या एका कूलिंग टॉवरच्या पाण्यात अमिबाच्या आत काहीतरी सापडलं. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्याइतकं मोठं, म्हणून जिवाणू समजून ठेवून दिलं. २००३ मध्ये कळलं की तो विषाणू आहे. नाव मिमिव्हायरस, डीएनए बारा लाख अक्षरांचा. त्यानंतर जगभर असे महाविषाणू सापडायला लागले.

आपल्याकडे आयआयटी मुंबईतल्या किरण कोंडाबागिल यांच्या प्रयोगशाळेनं हे काम केलं. शहरातल्या सांडपाण्याचे, तलावाचे, नळाच्या पाण्याचे नमुने घेऊन ते अकँथमिबा या अमिबाबरोबर वाढवले. २०१९ च्या त्यांच्या शोधनिबंधात वीस नमुन्यांचा हिशेब आहे आणि वीसच्या वीस नमुन्यांत महाविषाणू मिळाले. त्यांतल्या चौघांची नावं वाचून मी खुर्चीतच सावरून बसलो: मिमिव्हायरस बॉम्बे, पवई लेक मेगाव्हायरस, बांद्रा मेगाव्हायरस आणि कुर्लाव्हायरस. पवई तलावाच्या कडेनं मी रोज सकाळी चालतो. त्या पाण्यातल्या अमिबांत हे सगळं चाललेलं असतं!

या धाग्याला धरून मुद्दा असा. मिमिव्हायरसचा कारखाना अमिबाच्या पेशीद्रवात असतो आणि तो चांगलाच मोठा, केंद्रकाच्या तोडीचा होतो. अमिबा विषाणूला अन्न समजून गिळतो. पोटात गेल्यावर विषाणूच्या डबीचं एक टोक पाच पाकळ्यांच्या फुलासारखं उघडतं आणि आतला गाभा पेशीद्रवात उतरतो. तिथेच कारखाना. मधे डीएनएच्या प्रती आणि कडेकडेनं नव्या डब्यांची बांधणी. त्याचंही आरएनए पॉलिमरेज स्वतःचं, देवीच्या घराण्यासारखं.

कुर्लाव्हायरसचं घराणं मात्र वेगळं, मार्सेलव्हायरसचं. तोही कारखाना पेशीद्रवातच काढतो. त्या घराण्यातल्या नूमेआव्हायरसवर काम झालं तेव्हा दिसलं की डबीत नक्कल काढणारं यंत्रच नसतं. मग सुरुवात कशी होते? काही काळापुरतं अमिबाचं केंद्रक गळकं होतं, त्यातली प्रथिनं बाहेर येऊन कारखान्यात जमतात, आणि विषाणूची स्वतःची यंत्रणा तयार झाली की ती परत केंद्रकात जातात. शेजाऱ्याकडून शिडी आणावी, काम झाल्यावर परत द्यावी, तसं. केंद्रकात जायचं नाही आणि सामानही बरोबर आणायचं नाही, यातून असाही मार्ग निघतो हे वाचून मी थक्क झालो.


आरती_डोंबिवली | बुधवार, रात्री ९.४०

पवईकर काका, नळाच्या पाण्यात? आमच्याकडे लहान बाळ आहे.

आणि स्लाइडवाली ताई, तुमचा पहिला लेख वाचून विचारते. सासऱ्यांना परवापासून पाठीत डाव्या बाजूला आग होत होती. वाटलं, सोफ्यावर झोपल्यामुळे. आज दुपारी बघितलं तर तिथे चार-पाच फोड, एका रेषेत. उद्या सकाळी जाऊ म्हणतात.


पवईकर | बुधवार, रात्री ९.५२

आरती, बाळाची काळजी नको. हे अमिबात वाढणारे विषाणू आहेत. त्याच निबंधात घरगुती वॉटर प्युरिफायरच्या पहिल्या फिल्टरचाही (प्री-फिल्टर) नमुना होता. म्हणजे फिल्टर आपलं काम करतो आहे, अडकवतो आहे. तो वेळच्या वेळी बदलत जा, एवढंच.


स्लाइडवाली | बुधवार, रात्री ९.५५

आरती, उद्या नको. आत्ता जा. औषध फोड दिसल्यापासून बहात्तर तासांत सुरू झालं तर सर्वांत जास्त उपयोग होतो. दाखवताना 'एकाच बाजूला, एका रेषेत, आधी आग आणि मग फोड' हे स्वतःहून सांगा. कांजिण्या न झालेल्या माणसाला फोडांच्या पाण्यातून हा विषाणू लागू शकतो, त्यामुळे फोड झाकलेले ठेवा आणि बाळाला सध्या आजोबांच्या मांडीवर देऊ नका. कपाळाला किंवा डोळ्याजवळ काही दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही त्याच दिवशी.


श्वानमित्र_गोरेगाव | गुरुवार, सकाळी ७.१५

मी विज्ञानातला नाही. सोसायटीच्या गेटवरची कुत्री सांभाळतो. मागच्या पावसाळ्यात तीन महिन्यांचं एक पिल्लू पार्व्होनं गेलं. पहिल्या दिवशी दूध पिईना, दुसऱ्या दिवशी रक्ताचे जुलाब. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. पिल्लाचे डॉक्टर म्हणाले, आतड्याचं अस्तर गेलंय आणि पांढऱ्या पेशीही पार खाली आल्यात. तेव्हापासून प्रश्न आहे: आतडं आणि रक्त, हीच दोन ठिकाणं का? पार्व्होसुद्धा डीएनए विषाणू आहे ना?


कालिना_कट्टा | गुरुवार, सकाळी ९.३०

काका, वाईट वाटलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या धाग्याच्या मुळाशीच आहे.

पार्व्होचा डीएनए फक्त पाच हजार अक्षरांचा आणि एकेरी धाग्याचा. एवढ्याशा जागेत प्रत काढणाऱ्या यंत्राचं जनुक मावत नाही. त्यामुळे तो पूर्णपणे पेशीच्या यंत्रावर अवलंबून. आणि पेशी ती यंत्रं कधी बाहेर काढते? स्वतः दुभंगायच्या आधी, आपल्या डीएनएची प्रत काढायच्या वेळी. पेशीला ती वेळ गाठायला लावण्याची ताकद पार्व्होत नाही. तो केंद्रकात जाऊन वाट बघत बसतो. आता शरीरात सतत दुभंगणाऱ्या पेशी कुठे? आतड्याच्या अस्तराच्या तळाशी, जिथून रोज नवं अस्तर येतं. आणि हाडांच्या मगजात, जिथून रक्तपेशी येतात. अगदी कोवळ्या पिल्लांत हृदयाचा स्नायूही वाढत असतो, म्हणून तिथेही. डॉक्टरांनी सांगितलेली दोन ठिकाणं याच कारणानं. विषाणूला जागा करायची असते, पण त्याच्या आधी वेळ जुळावी लागते.

याउलट पॅपिलोमा, आठ हजार अक्षरांचा, गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा. तोही पेशीचीच यंत्रं वापरतो, पण वाट बघत नाही. पेशीला दुभंगण्यापासून रोखणाऱ्या प्रथिनांना तो बाजूला करतो आणि ती अवस्था लांबवतो. पेशी दुभंगताना त्याचा डीएनए आपल्या गुणसूत्रांना धरून राहतो, दोन्ही नव्या पेशींत पोचतो. स्वतःच्या प्रतींसाठी केलेली ही उलाढाल वर्षानुवर्षं चालली की कर्करोगाची वाट मोकळी होते. म्हणून मुलींना लस वेळेवर द्यायला हवी. आणि काका, पिल्लांनाही.

अजून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. जिवाणूला केंद्रकच नसतं, हे आपण आठवीत शिकलो. पण जिवाणूंना लागणाऱ्या काही मोठ्या फाज विषाणूंमध्ये २०१७ साली दिसलं की तो फाज जिवाणूच्या आत स्वतः केंद्रकासारखं कवच बांधतो. प्रथिनाचं कवच, ज्या प्रथिनाला पुढे चिमॅलिन नाव मिळालं. डीएनए आणि नकला काढणं कवचाच्या आत, प्रथिनं बनवणं बाहेर. फाजच्याच एका प्रथिनाचे धागे ते कवच पेशीच्या बरोबर मध्यावर धरून ठेवतात. जिवाणूची डीएनए कापणारी कात्री, क्रिस्पर, त्या कवचाच्या आत पोचू शकत नाही. हर्पीसनं पहारा मोडून काढला. यानं भिंत बांधली.


कळवेकर | गुरुवार, दुपारी १.२०

सगळं दोनदा वाचलं. एक शंका राहिली. नागिणीच्या विषाणूच्या नव्या डब्या केंद्रकात तयार होतात ना? येताना डबी छिद्राबाहेर राहिली होती, कारण ती मावत नाही. मग तयार डबी बाहेर कशी पडते?


स्लाइडवाली | गुरुवार, संध्याकाळी ६.४५

दादा, हा प्रश्न मला सुचला नव्हता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत वाचून काढलं.

डबीची प्रथिनं बनतात बाहेर पेशीद्रवात. ती एकेकटी लहान असतात, छिद्रातून आत येतात. आत डबी जुळते, मग एक मोटर डबीच्या एकाच ठरलेल्या तोंडातून डीएनए आत कोंबते. आता डबी १२५ नॅनोमीटरची, छिद्रातून जाणं शक्य नाही. केंद्रकाला दोन पटलं असतात. विषाणूची दोन प्रथिनं आतल्या पटलाला आतून फुगवटा आणतात, डबी त्या फुगवट्यात गुंडाळली जाऊन दोन पटलांच्या मधल्या फटीत पडते. मग तो फुगा बाहेरच्या पटलात मिसळतो आणि नागडी डबी पेशीद्रवात उतरते. बाहेरचं खरं आवरण तिला त्यानंतर मिळतं. छिद्राच्या वाटेनं फक्त डीएनए आत येतो. डबी बाहेर पडते ती भिंतीतूनच.

आणि ती जांभळी किनार? आतल्या पटलापर्यंत पोचायचं तर डबीला कडेला सरकवलेल्या आपल्याच डीएनएमधून वाट काढावी लागते. आज सकाळी ती स्लाइड परत लावून फक्त कड बघितली. साध्या लेन्सखाली डबी दिसत नाही हे माहीत होतं, तरी बघितली.


आरती_डोंबिवली | गुरुवार, रात्री १०.०५

ताई, काल रात्रीच गेलो. नागीणच. असायक्लोव्हिर सुरू झालं, दिवसातून पाच वेळा. सासरे विचारतात, एवढ्या वेळा कशाला, आणि या गोळीनं माझ्या चांगल्या पेशींचं काय होणार? त्यांना तुमच्या शब्दांत सांगायचं आहे.


स्लाइडवाली | गुरुवार, रात्री १०.३०

बरं झालं गं. आजोबांना असं सांग.

गोळी पोटात जाते तेव्हा ती निष्क्रिय असते. तिला चालू करायची पहिली किल्ली, थायमिडीन कायनेज नावाचं प्रथिन, विषाणूचीच असते. ज्या पेशीत विषाणूचं दुकान उघडलेलं आहे तिथेच ही किल्ली भरपूर, बाकी पेशींत गोळी जवळजवळ तशीच पडून राहते. किल्ली फिरली की औषध डीएनएच्या अक्षरासारखं दिसायला लागतं. विषाणूचं प्रत काढणारं यंत्र ते खरं अक्षर समजून साखळीत बसवतं, आणि त्यापुढे अक्षर जोडायला जागाच नसते. प्रत तिथेच अडते. हे औषध नेमकं कसं काम करतं हे ज्यांच्या गटानं उलगडलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं, इतर दोघांबरोबर. पाच वेळा यासाठी, की औषध शरीरातून लवकर निघून जातं आणि दुकान रात्रीही चालू असतं. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस पूर्ण करा, पाणी भरपूर द्या, मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.


आरती_डोंबिवली | गुरुवार, रात्री ११.१०

सांगितलं. वहीच्या मागच्या पानावर मोठं वर्तुळ काढलं, मधे पेन्सिलीनं धुरकट केलं, कडेला जांभळ्या स्केचपेननं किनार. आता ते कागद हातात घेऊन बसलेत आणि विचारतायत, पाठीतल्या त्या चार-पाच फोडांत अशी किती वर्तुळं असतील. मोबाइलवर पाच गजर लावले आहेत. पुढचा पहाटे सहाचा.